चावडीच्या भिंतीतील संगमरवरी फलक : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत गावांतील आणि लहान शहरांतील युद्धस्मारकांविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतील निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. मूळ प्रश्नाला धक्का न लावता ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या चावडीच्या दर्शनी भिंतीत हातभर लांबीचा पांढरा संगमरवरी फलक आहे. त्यावर इंग्रजीत कोरले आहे, की या गावातून ६३ पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी ९ जणांनी प्राण दिले. त्या नऊ जणांची नावे मात्र कोठेच नाहीत. हा फलक कोणी बसवला? आणि युद्ध १९१८ साली संपले असे आम्ही शाळेत शिकलो, मग फलकावर १९१९ का? (एक वाचक, खटाव तालुका, जिल्हा सातारा)

उत्तर : आपल्या गावचा फलक एकटा नाही. सातारा, रत्नागिरी, रायगड, पुणे या जिल्ह्यांतील गावांत, तसेच महाराष्ट्राबाहेर पंजाब, गढवाल अशा भरतीच्या मुलखांत, असे फलक चावडीच्या, वेशीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेले आढळतात. त्यांचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा असतो : या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. छापील अर्जातील मोकळ्या जागा भराव्यात तसे गावागणिक फक्त आकडे बदलतात. फलक कोणी बसवले याचे उत्तर यातच आहे. ते गावाने वर्गणी काढून उभारलेले नाहीत. ज्या गावांनी भरतीला माणसे दिली त्यांचा गौरव म्हणून युद्धानंतर ब्रिटिश सरकारने ते लावले. जागा पुष्कळदा चावडीची निवडली गेली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची बसण्याची जागा, सारा भरण्याची जागा, सरकारी हुकूम वाचून दाखवण्याची जागा. ज्या भिंतीजवळ माणसे सारा भरायला उभी राहत, त्याच भिंतीत गावाने दिलेल्या माणसांचा हिशेबही बसवला गेला, असे हे फलक पाहताना मला नेहमी वाटत आले आहे.

माणसे का गेली, हे समजून घेतल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही. १९१४ साली पायदळातील शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. खटाव-माणसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत, जेथे एक पाऊस चुकला की वर्षाची ज्वारी-बाजरी हातची जात असे, तेथे दरमहा रोख मिळणारे अकरा रुपये म्हणजे सावकाराचे व्याज भागवण्याची आणि बैल राखण्याची सोय होती. कोकणातही स्थिती वेगळी नव्हती. भाताची खाचरे लहान, खाणारी तोंडे अधिक, आणि घराबाहेर पडणाऱ्या तरुणापुढे मुंबईची गिरणी, गोदी नाहीतर पलटण एवढेच रस्ते. मराठा पलटणींत या दोन्ही भागांतील पोरे पिढ्यान्‌पिढ्या जात होती आणि चुलता किंवा मामा पलटणीत असला की भाच्या-पुतण्याची भरती सोपी होई. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव तर आज ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ सैनिक मारले गेले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे.

युद्ध लांबले तशी भरतीची निकडही वाढली. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी प्रांतिक युद्धपरिषद भरवली होती. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न स्वराज्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, असे लोकमान्य टिळक तेथे मांडू लागताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. फलकावरील त्रेसष्ट माणसांपैकी काही जण याच सुमारास भरती झाले असतील. सगळ्या हिंदुस्थानातून या युद्धात सुमारे १३ लाख माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील माणसे पुष्कळदा गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन तैग्रीस नदीकाठच्या कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली आणि अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. कैद झालेल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. किती जण वाटेत पडले, कोणाला कोठे पुरले किंवा टाकले, हे त्यांच्या घरी कधी कळले नाही. आपल्या फलकावरील नऊ जणांना समाधी का नाही, याचे एक कारण या वाळवंटात असू शकते. गोळीने जितकी माणसे गेली तितकीच ताप, हगवण आणि पटकी यांनीही नेली; फलक त्या दोहोंत फरक करत नाही, आणि तो करूही नये.

आता १९१९ विषयी. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला तो युद्धविराम. जर्मनीबरोबरचा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणून युद्धाची अखेर १९१९ अशी धरली गेली. त्या काळच्या विजयपदकावरही ‘१९१४–१९१९’ अशीच वर्षे कोरलेली आहेत.

आपल्या पत्रातील एक शब्द मात्र मी पुन्हा वाचायला सुचवीन. फलकावर ‘सैनिक’ असे लिहिलेले नाही, ‘पुरुष’ असे लिहिलेले आहे. पलटणीबरोबर खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, मजूर असे बंदूक न धरणारे पुष्कळ लोक जात आणि तेही मरत. त्रेसष्टांत असे किती होते, हे फलक सांगत नाही. म्हणून गावाने यादी करताना फक्त मराठा पलटणींची नावे शोधू नयेत. ज्यांना त्या काळी पलटणीत शिपाई म्हणून घेतले जात नव्हते, त्यांच्याही घरी विचारावे. महार शिपायांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली गेली होती. १९१७ साली १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर १९२१ साली मोडण्यात आली. तिच्यातली माणसेही कोणत्यातरी गावचीच होती.

प्रश्न : आम्ही दक्षिण इंग्लंडमधील एका खेड्यात राहतो. येथे चर्चसमोर दगडी क्रूस आहे आणि त्याच्या चौथऱ्यावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या गावातील प्रत्येक माणसाचे नाव आहे. माझे माहेर वाई तालुक्यात. तेथील फलकावर फक्त संख्या आहे. एकाच साम्राज्यासाठी मेलेल्या माणसांत हा फरक का? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : आपला प्रश्न वाचून काही वेळ मला दुसरे काही सुचले नाही, कारण या विषयाची खरी दुखरी जागा हीच आहे.

इंग्लंडमधील गावस्मारके सरकारने उभारलेली नाहीत. १९१५ साली मृतदेह मायदेशी आणण्यास मनाई झाली, त्यामुळे लाखो घरांना रडण्यासाठी थडगेच उरले नाही, आणि त्या पोकळीतून प्रत्येक गावात समिती बसली, वर्गणी निघाली, क्रूस हवा की सभागृह हवे यावर वाद झाले, कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने यावरही झाले. पैसे दिले ते मृतांच्या आई-वडिलांनी आणि बायकांनी. त्यांना संख्या नको होती. नाव हवे होते. फ्रान्समध्ये २५ ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने गावांना स्मारकासाठी सरकारी मदत मिळाली आणि आज तेथील जवळजवळ प्रत्येक गावात नावांसह स्मारक आहे. दोन्हीकडे स्मारकाचा धनी गाव होता. आपल्याकडे धनी सरकार होते, आणि सरकारला गावाचे योगदान मोजायचे होते.

तरीही हे उत्तर पुरेसे नाही, हे मान्य केले पाहिजे. २१ मे १९१७ रोजी स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने (आजचा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग) हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव कोरले जाईल असे तत्त्व ठरवले होते. फ्रान्समधील नव शापेल येथील १९२७ सालच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेतही. परंतु मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे १९२९ साली जे स्मारक उभे राहिले, त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली, आणि साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे एक संख्या आली. म्हणजे वाईकडच्या चावडीतील फलक आणि बसऱ्याची भिंत एकाच रीतीने बोलतात. आयोगाने २०२१ सालच्या आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली आणि त्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना ती मागितली गेली, याचे मोल मी कमी मानत नाही. परंतु ज्या आईने पोस्टमनची वाट पाहिली ती तोवर कधीच गेलेली होती.

आपण दक्षिण इंग्लंडमध्ये आहात, म्हणून एक जागा आवर्जून पाहावी असे सुचवतो. ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री आहे. ब्रायटनच्या लष्करी रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन त्या जागी झाले. छत्रीचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांचा, आणि तिचे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले. तिच्यावरही त्या ५३ जणांची नावे नव्हती. २०१० साली युद्धसमाधी आयोगाने छत्रीला हात न लावता तिच्या शेजारी नवी शिळा उभी केली आणि तिच्यावर सगळी नावे कोरली. आपल्या माहेरच्या गावाने काय करावे, याचे उदाहरण आपल्या घरापासून फार लांब नाही.

प्रश्न : नावे शोधायची तर कोठे शोधायची? आमच्या गावातील म्हाताऱ्या माणसांना ‘अमक्याचा पणजोबा लढाईला गेला तो आलाच नाही’ एवढेच आठवते. (एक वाचक, महाड तालुका, जिल्हा रायगड)

उत्तर : ‘आलाच नाही’ हे वाक्य लिहून घ्या, आणि ज्या घरातून ते आले त्या घरापासूनच सुरुवात करा. पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा एखाद्या सुनेच्या गाठोड्यात पदक आहे का, ते विचारा. पहिल्या महायुद्धाचे पदक सापडले तर त्याचा दर्शनी भाग पाहून ठेवून देऊ नका. ते उभे धरून त्याची कड उजेडात फिरवा. त्या जेमतेम नखाएवढ्या रुंदीच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. चांदीची पुष्कळ पदके अडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेली आणि आटली, पण घरात एखादे राहिलेले असते. सैन्याबरोबर गेलेल्या खेचरवाल्यांना आणि मजुरांना तेच पदक काशाचे मिळत असे. ते चांदीचे नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. मी एका घरी असे पदक पाहिले. आजीने ते पोराच्या कमरेच्या करगोट्यात ओवले होते आणि तीन पोरांच्या अंगावर घासून राणीच्या काळचे असावे असे गुळगुळीत झाले होते; कड मात्र शाबूत होती, आणि तिच्यावरून नाव वाचता आले.

त्यानंतर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली शिपायांची नावे तेथे नोंदींच्या रूपाने मिळतात, आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, जिल्ह्यांची नावे त्या काळची आहेत. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यात. दुसरी, गावांची आणि माणसांची नावे पलटणीच्या कारकुनाने कानाला आली तशी इंग्रजीत उतरवलेली आहेत, म्हणून खटावचे ‘खटाओ’ होते आणि पुण्याचे ‘पूना’. नाव एका रूपात सापडले नाही तर आणखी पाच-सहा रूपांत शोधावे, आणि ते मोठ्याने उच्चारून पाहावे. डोळ्यांना अनोळखी वाटणारे नाव कानाला ओळखू येते.

कोकणातील वाचकांनी आणखी एक ठिकाण विसरू नये. पलटणीइतकीच कोकणातली माणसे बोटीवर जात. आपण शोधत असलेला माणूस खलाशी किंवा बोटीच्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारा असेल तर बसऱ्याच्या यादीत तो सापडणार नाही. समुद्रातच गेलेल्या हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक जणांची स्मृती तेथे जपली आहे.

सरकारी दारांपैकी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे लेखी अर्ज करावा. तहसील कचेरीतील जुन्या इनाम नोंदींत ‘जंगी इनाम’ म्हणजे युद्धसेवेबद्दलचे इनाम मिळालेल्यांची नावे असू शकतात. मात्र कागदाइतकाच भरवसा मी हेळव्यांच्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवर ठेवीन. दक्षिण महाराष्ट्रात कुळांच्या वंशावळी सांभाळणारे हेळवी अजून गावोगाव फिरतात. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे यात्रेकरूंनी दिलेली पिढ्यांची नावे असतात. लढाईत गेलेल्या मुलाचे श्राद्ध करायला बाप नाशिकला गेला असेल, तर त्याच्या नावाची ओळ तेथे मिळण्याचा संभव आहे.

आपल्या रायगड जिल्ह्याचाच एक दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे गाव पळसगाव, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांची समाधी नाही. नाव इटलीतील कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. २०२३ च्या जुलैमध्ये ते जेथे लढले त्या भागातील माँतोने या छोट्याशा गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. दोन लहान गावे, एक कोकणातले आणि एक इटलीतले, एकाच बावीस वर्षांच्या मुलाला आठवतात. असे होऊ शकले, कारण त्याचे नाव ठाऊक होते.

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाजवळ वीरगळ आहेत. त्यांना युद्धस्मारक म्हणावे का? (एक शिक्षक, जुन्नर तालुका, जिल्हा पुणे)

उत्तर : निःसंशय म्हणावे. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. त्यावर साधारणपणे तीन चौकटी असतात. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. माथ्यावर कलश आणि पुष्कळदा चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो माणूस गावाची गुरे सोडवताना पडला असे समजावे. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे.

आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर लेख नाही, म्हणजे नाव तेथेही नाही. आणि म्हणूनच चावडीतील फलकाशी त्यांची तुलना करताना घाई करू नये. वीरगळ ज्या भावकीने उभा केला तिला तो कोणाचा हे सांगण्याची गरज नव्हती. सणाला त्याला तेल-शेंदूर लागे, नैवेद्य दाखवला जाई. नाव दगडावर नव्हते, तोंडात होते. पिढ्या तुटल्या, भावक्या पांगल्या आणि ते नाव गेले. आज कित्येक वीरगळ विहिरीच्या पायरीला आणि धुण्याच्या दगडाला लागलेले दिसतात, तेव्हा वाईट वाटते.

आपल्याच जिल्ह्यात कोरेगाव भीमा येथे या दोन परंपरांच्या मधला एक दुवा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांसाठी कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. हा स्तंभ विजेत्या सरकारचा होता, तरीही त्याच्यावर साध्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, आणि त्यावरून ते शिपाई महार होते हे ओळखता येते. ही नावे कोरलेली होती म्हणूनच शतकानंतर, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले तेव्हा त्या दगडाला एका समाजाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून उभे राहता आले. १८२१ साली सरकारला शिपायाचे नाव कोरता आले, तर १९२० च्या सुमारास ते का जमले नाही, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो.

प्रश्न : आमच्या पंचायत समितीच्या आवारात राजमुद्रा आणि संविधानाची उद्देशिका कोरलेला स्तंभ आहे. काही जण त्याला युद्धस्मारक म्हणतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : नाही. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त १९७२-७३ मध्ये देशभर विकासगटांच्या ठिकाणी असे स्तंभ उभारले गेले, आणि त्यांच्यावरील नावे स्वातंत्र्यसैनिकांची आहेत. ठिकठिकाणची ‘हुतात्मा स्मारके’ त्यांच्याहून निराळी, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतींनी बसवलेले शिलाफलक आणखी निराळे. एकाच आवारात तिन्ही असतील तर प्रत्येकाखाली साल लिहून ठेवावे.

प्रश्न : आमच्या गावची जुनी चावडी पाडून नवीन इमारत बांधायची आहे. चावडीतील महायुद्धाच्या फलकाला मागे कोणीतरी ऑइलपेंट लावला आहे. तो कसा काढावा, फलक कोठे बसवावा, आणि १९६२, १९६५, १९७१ व कारगिलमधील आमच्या जवानांची नावे त्याच फलकावर कोरून घ्यावीत का? (एक सरपंच, खेड तालुका, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : सरपंचसाहेब, इमारत पाडण्यापूर्वी आपण विचारले, ही मोठी गोष्ट आहे. पुष्कळ फलक चावडीच्या डबराबरोबर ट्रॅक्टरमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशी ते कोणालाच आठवत नाहीत.

पहिले काम छायाचित्रांचे. दुपारच्या उन्हात समोरून काढलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. सकाळी ऊन तिरपे असताना, किंवा रात्री बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरून छायाचित्र काढावे. अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि चुन्याखाली दडलेला आकडाही उठून दिसतो. एका गावात वर्षानुवर्षे ‘३’ म्हणून वाचला जाणारा मृतांचा आकडा अशा उजेडात ‘८’ निघाला. उरलेली वळणे चुन्याने भरून गेली होती. तेथे उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या आकड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “म्हणजे आमचा पण धरलाय.” त्यांच्या घरची गोष्ट गावाने आजवर खरी मानली नव्हती.

रंग काढण्यासाठी ॲसिड, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर यांपैकी काहीही वापरू नये. ॲसिड संगमरवर खाते, आणि एकदा अक्षराची कड गेली की ती परत येत नाही. साधी धूळ आणि शेवाळ स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश यांनी निघते. ऑइलपेंटचे काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी पुरातत्त्व विभागाकडे विचारून जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. तोवर रंग राहिला तरी चालेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेला कोरीव लेख पुरावस्तू ठरतो, आणि हे फलक आता त्या वयाचे झाले आहेत. म्हणून ग्रामसभेच्या इतिवृत्तात फलकाची लांबी, रुंदी, जसाच्या तसा मजकूर आणि छायाचित्र यांची नोंद आजच करून ठेवावी. भिंत पाडताना फलक छिन्नीने उचकटू नये. आजूबाजूची वीट आधी मोकळी करून तो अखंड काढावा, गोधडीत गुंडाळून उभा ठेवावा, आडवा नको.

नवी नावे जुन्या फलकावर कोरू नयेत. तो फलक त्या काळाचा दस्तऐवज आहे. त्याच्यातील उणीवही त्या काळाचीच आहे, आणि ती तशीच दिसली पाहिजे. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत, लहान मुलाच्या नजरेला येईल इतक्या उंचीवर तो बसवावा, आणि त्याच्या शेजारी आपल्या मातीतल्या काळ्या दगडाची नवी शिळा मराठीत लावावी. पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंतची नावे तीवर सलग यावीत : नाव, वडिलांचे नाव, वाडी, पलटण किंवा बोट, साल आणि ठिकाण. हुद्द्याप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे गट करू नयेत, सालाप्रमाणे लावावीत, म्हणजे खेचरवाला आणि सुभेदार शेजारी-शेजारी येतील. काहींनी तोफ किंवा रणगाडा आणून ठेवण्याची कल्पना आपल्याला सुचवली आहे, असे आपण लिहिता. तोफेभोवती मुले खेळतील आणि ते चांगलेच आहे, परंतु पैसे मर्यादित असतील तर आधी नावे.

फलकावर १४ मृत आहेत आणि तुम्हाला आतापर्यंत ५ नावे मिळाली आहेत, असे आपल्या पत्रात आहे. ती पाचच कोरा आणि त्यांच्याखाली नऊ ओळींची जागा मोकळी सोडा. पाथरवटाला सांगून त्या ओळींच्या फक्त रेघा आखून घ्या, म्हणजे पुढे नाव सापडले की ते कोठे कोरायचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.